नोव्हेंबरचा पहिला रविवार : चिपळूणमधल्या एका आउटसोर्सिंग कामाचं प्रकरण

चिपळूणच्या बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, आम्ही पाच जण साडेचार वर्षं अमेरिकेतल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. एप्रिल २०२१ मध्ये हे काम तिथल्या प्रोग्रामरांकडून आमच्याकडं यायला लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडून परत तिकडं गेलं. काम एका टीमकडून दुसरीकडं जाताना जी शिकवणी होते तिला आमच्या धंद्यात केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्स्फर. एकाच सॉफ्टवेअरची केटी आधी घेतलेली आणि नंतर दिलेली टीम सहसा सापडत नाही. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय. माणसांची आणि कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मूळ कंपनी ओहायो राज्यातली. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्यांना ती बिलिंगचं सॉफ्टवेअर विकते. कुठल्या घराला कुठल्या मापाचा डबा, आठवड्यातून किती फेऱ्या, जुना सोफा टाकला तर जादा किती, कुठल्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) कर किती, असा सगळा हिशेब. रोज रात्री दीड वाजता एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, सुरू होऊन ज्यांची तारीख आली त्यांची बिलं काढतो आणि कार्डावरून पैसे कापतो. भाषा सी-शार्प, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर, आणि काही भाग जुना, १९९९ च्या आसपासचा. दिसायला साधं काम. पण वीस वर्षं चाललेल्या बिलिंगमध्ये साधं असं काही उरत नाही.

आम्ही कसे जमलो

मी हिंजवडीत अकरा वर्षं नोकरी केली. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये बायको-मुलांना घेऊन चिपळूणच्या खेंडातल्या घरी आलो तो परत गेलो नाही. तसे बरेच जण आले होते. कोकणातून माणसं बाहेर जाणार आणि पैसे घरी येणार, ही आमच्याकडची दीडशे वर्षांची रीत. त्याला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणायचे. त्या वर्षी पहिल्यांदा चाकरमानी घरी आणि काम त्याच्या मागून, असं झालं. मला ते फार मोलाचं वाटलं, अजूनही वाटतं. आईच्या हातचं जेवून रात्री ओहायोच्या माणसाशी बोलायचं, हे माझ्या बापाच्या पिढीला खरं वाटलं नसतं.

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. आधी कित्येक वर्षं बदली कामगार. सकाळी बदलीचा पास घेऊन दारात उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्या दिवसाचं काम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येतं हे मालकांच्या पक्कं ध्यानात आलं. आजोबा गावी परत आले ते कायमचे. हे इथं सांगतोय, कारण जिथं मजुरी कमी तिथं काम सरकतं हे आमच्या घराला कुणी इंटरनेटवरून शिकवायला नको होतं. मला ते ठाऊक होतं. तरी करार करताना मी ते लक्षात घेतलं नाही.

करार तीन पायऱ्यांचा होता. ओहायोची कंपनी पुण्यातल्या एका मध्यस्थ कंपनीला तासाला २८ डॉलर द्यायची. म्हणजे तेव्हाच्या भावानं दोन हजारांच्या वर. त्यातले ९५० रुपये तासाला आमच्याकडं यायचे, तेही बिल लावल्यावर दोन-अडीच महिन्यांनी. जीएसटी मात्र आधी भरायचा. त्यात पाच पगार, भाडं, इन्व्हर्टर, दोन इंटरनेट लाइन. टीममध्ये लोटे-लवेल भागातल्या कॉलेजातून निघालेले तिघं, गुहागरची एक मुलगी जी टेस्टिंग बघायची, आणि मी. त्या चौघांपैकी कुणालाही पुण्यात खोली घेऊन राहणं सोपं नव्हतं. म्हणून ९५० सुद्धा आम्हाला पुष्कळ वाटले.

काकांची केटी

आमच्याकडं काम आलं म्हणजे तिकडं चार जणांचं गेलं. त्यातले तिघं लवकरच पांगले. चौथे साठीच्या जवळचे होते, त्या सॉफ्टवेअरवर बावीस वर्षं काढलेले. जाताना मिळणारी रक्कम त्यांना केटी पूर्ण झाल्यावरच मिळणार होती, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतः सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनी ते उघड केलं. कॉलवर त्यांना पहिल्या नावानं हाक मारायची सवय आमच्या मुलांना शेवटपर्यंत लागली नाही. आपसांत सगळे त्यांना काका म्हणायचे.

केटीचा शेवटचा दिवस ३० जुलै ठरला होता. २२ जुलैला पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं.

त्या पुराबद्दल इतरांनी खूप लिहिलं आहे. मी आमच्या जिन्यापुरतं सांगतो. दुकान पूर्ण बुडालं. जिन्याच्या वरच्या दोनच पायऱ्या कोरड्या राहिल्या. जिन्याखाली ठेवलेला इन्व्हर्टर गेला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर खाली उतरलो, तर कापडाचे तागे चिखलानं इतके जड झाले होते की एक उचलायला तीन माणसं लागत होती. चार दिवस आम्ही तेच केलं, दुकानदार भाऊंचे तागे रस्त्यावर आणून टाकले. लॅपटॉप कोविडमुळं घरीच होते म्हणून वाचले. वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद. तिसऱ्या दिवशी टीममधला एक जण मोटरसायकलवरून सावर्ड्याच्या बाजूला रेंज मिळेपर्यंत गेला आणि तिथून दोन ओळींचा मेल टाकून आला : सगळे सुखरूप आहोत, केटीला येऊ शकत नाही.

मध्यस्थ कंपनीचं उत्तर आलं की शेवटची तारीख बदलणार नाही, रेकॉर्डिंग बघून घ्या. काकांचं उत्तर वेगळं होतं. त्यांनी आधी घरच्यांची विचारपूस केली, आणि लिहिलं की तुमची लाइन सुरू झाली की मला सांगा, मी ६ ऑगस्टपर्यंत थांबतो. त्या जादा आठवड्याचे पैसे त्यांना कुणी दिले नाहीत. ज्यांच्यामुळं आपली नोकरी गेली त्यांना त्यांनी आपला आठवडा दिला.

त्या आठवड्यात अजेंडा नव्हता, म्हणून आम्ही मनातले प्रश्न विचारले. गुहागरची मुलगी रात्रीच्या जॉबचा कोड वाचत होती. तिनं मला विचारलं, ‘‘दादा, ही एक अट आहे. महिना अकरावा, वार रविवार, तारीख सात किंवा त्याआधीची आणि मागचा जॉब दोन तासांच्या आत झालेला असेल तर बाहेर पड. लॉगमधल्या नोंदी नव्वद दिवसांच्याच आहेत, त्यात कुठंच ही लागलेली दिसत नाही. काढून टाकू का?’’ साफसफाईच्या तिकिटात (आमच्याकडं नोंदवून आलेल्या कामाला तिकीट म्हणतात) निकामी कोड काढायचं कलम होतंच. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग म्हटलं, अगं, काका अजून आहेत, विचारून घे.

काका ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ही गोष्ट त्यांनी ठरलेल्या आठ आठवड्यांत कुठंच सांगितली नव्हती, कारण केटीच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता.

अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं करतात. ती परत मागं घेतात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, रात्री दोन वाजता. म्हणजे त्या रात्री दोन वाजत आले की परत एक वाजतो, आणि दीड हा क्षण दोनदा येतो. त्यांचा जुना वेळापत्रक-प्रोग्राम स्थानिक घड्याळ बघून जॉब सुरू करायचा, म्हणजे त्या रात्री बिलं दोनदा निघणार. आधी ही अट ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारची होती, तेव्हा घड्याळं त्या दिवशी मागं जायची. २००७ पासून अमेरिकी कायद्यानं तारीख बदलली, अटीतली बदलायची राहिली, आणि त्या वर्षी घराघरांच्या कार्डांवर कचऱ्याचं बिल दोनदा पडलं. ते निस्तरायला काकांचे कित्येक दिवस गेले. मग त्यांनी ती अट नव्यानं लिहिली. घाईत कोडमध्ये कारणाचा शेरा लिहायचा राहिला, तो चौदा वर्षं राहिला.

आपल्याकडं घड्याळ बारमाही एकच. चिपळूणमध्ये बसून कितीही हुशार माणसाला ही अट नुसती वाचून समजली नसती. आम्ही अट तशीच ठेवली. ७ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दुसरा दिवस. रविवार असून आम्ही तिघं ऑफिसात गेलो. आपल्या वेळेनं सकाळी अकराला पहिला दीड आला, बिलं निघाली. बरोबर बाराला दुसरा दीड आला. लॉगमध्ये एक ओळ पडली आणि जॉब बाहेर पडला. आम्ही काकांना त्या ओळीचा फोटो पाठवला.

तिकिटांची चार वर्षं

पीटर नाऊर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञानं १९८५ मध्येच मांडून ठेवलंय की प्रोग्राम म्हणजे कागदावरचा कोड नव्हे. तो असा का आहे याची जी समज तो करणाऱ्यांच्या डोक्यात असते, ती म्हणजे प्रोग्राम. ती माणसं पांगली की कोड चालत राहतो, पण त्यात शहाणपणानं बदल करणारं कुणी उरत नाही. मी हे हिंजवडीत असताना वाचलं होतं. पटलं त्या ऑगस्टमध्ये.

म्हणून आम्ही एक वही सुरू केली. खरीखुरी, लांब रजिस्टरची. टीममध्ये तिला ‘का’ची वही म्हणायचे. कोडमधल्या ज्या गोष्टीचं कारण कोडमध्ये दिसत नाही, ते कारण तिथं लिहायचं. तारीख, कुणी सांगितलं, काय बिघडलं होतं. नंतर ती टाइप करून ठेवली, पण मूळ वही अजून माझ्याकडं आहे, तिच्या पहिल्या पानावर काकांची नोव्हेंबरची अट.

अडचण अशी की वही लिहायला लागणारा वेळ कुणाच्या बिलात बसत नव्हता. महिन्याकाठी किती तिकिटं बंद केली यावर आमचं मोजमाप व्हायचं. एखादं तिकीट वीस मिनिटांत पट्टी मारून बंद होतं आणि मुळापासून दुरुस्त करायला दोन दिवस लागतात. पट्टीवाल्याचा आकडा चांगला दिसायचा. मी स्वतः मुलांना म्हणालो आहे, आधी आकडा काढा, वही नंतर. ती चूक माझी. वही मग रात्री तीननंतर, शिफ्ट संपल्यावर लिहिली जायची, आणि ती मुख्यतः गुहागरच्या मुलीनं लिहिली.

दुसरा परिणाम हळूहळू दिसला. आमची शिफ्ट उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायची, हिवाळ्यात साडेसातला. जेवण, झोप, लग्नकार्य सगळं त्याभोवती. गणपतीचे पाच दिवस मात्र मी करारात लिहून घेतले होते, त्याबाबतीत मागं हटलो नाही. पण साडेचार वर्षं मुलं डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ आणि त्याहून जुन्या कोडवर राहिली. एकानं मध्ये पुण्यात मुलाखत दिली. तिथं सगळे प्रश्न क्लाउडचे होते. तो परत आला आणि आठवडाभर कुणाशी फारसा बोलला नाही. जुनं सॉफ्टवेअर सांभाळणं हे कसबाचं काम आहे, नवं लिहिण्यापेक्षा काकणभर जास्तच. बाजारात त्याला भाव नाही, आणि बाहेर दिलेलं काम बहुतेक वेळा हेच असतं.

परतीची केटी

२०२५ च्या गणपतीत, गौरी यायच्या आत, मध्यस्थ कंपनीचा मेल आला. करार ३० सप्टेंबरला संपेल. काम ओहायोत परत जाईल, दोन नवे प्रोग्रामर आणि कोड लिहून देणारं एआयचं साधन, एवढ्यावर ते चालवणार.

कारण विचारलं तेव्हा तिथल्या मॅनेजरनं मोकळेपणानं सांगितलं. २०१७ च्या अमेरिकी करकायद्यामुळं २०२२ पासून सॉफ्टवेअर विकासाचा खर्च करपात्र उत्पन्नातून एकदम वजा करता येत नव्हता. देशातला खर्च पाच वर्षांत विभागायचा आणि परदेशातला पंधरा वर्षांत. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि देशातला खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करायची सवलत परत आली. परदेशाची पंधरा वर्षं तशीच राहिली. म्हणजे आम्हाला दिलेला डॉलर कागदावर पंधरा वर्षं रेंगाळणार आणि ओहायोतल्या माणसाला दिलेला लगेच सुटणार. हे एकमेव कारण होतं असं मी मानत नाही. एआयचं साधन नसतं तर दोन माणसांत हे काम निभेल असं त्यांना वाटलंच नसतं. पण आमचा दर परवडतो की नाही हे आमच्या कामावर ठरत नव्हतं, हे मात्र त्यातून लख्ख दिसलं.

तो सप्टेंबर महिनाच तसा होता. ओहायोचेच सिनेटर बर्नी मोरेनो यांनी आउटसोर्सिंगसाठी परदेशी दिलेल्या पैशांवर २५ टक्के कर लावायचं विधेयक मांडलं. विधेयकच, कायदा नव्हे, पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते दिवसभर फिरत होतं. १९ सप्टेंबरला एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. टीममधला एक जण एखाद्या मोठ्या कंपनीतून तिकडं जायचं स्वप्न बाळगून होता. त्या रात्री तो म्हणाला, ‘‘काम पण तिकडं गेलं दादा, आणि आपण पण जायचं नाही.’’ मला त्यावर काही बोलता आलं नाही.

आता प्रकरणातला खरा निर्णय. केटीला चार आठवडे होते आणि तक्ता तोच, मॉड्यूल, सद्यस्थिती, उघडी तिकिटं. ‘का’च्या वहीबद्दल कुणालाच माहिती नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. ती तिकिटांच्या तासांत लिहिलेली नव्हती, तेव्हा हक्कानं ती आमची होती. टीममधल्या सर्वांत धाकट्यानं सरळ मांडलं : वही देऊ नका. नोव्हेंबरमध्ये अडलं की फोन करतील, तेव्हा तासाला हवा तो दर सांगू. त्याच्या घरी बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, नोकरी महिन्याभरात जाणार होती. त्याचं म्हणणं मी लोभ म्हणून उडवून लावलं नाही. बाजार आमच्याशी जसा वागला तसंच तो वागायला सांगत होता.

दोन रात्री चर्चा झाली. गुहागरची मुलगी, जिचे सर्वांत जास्त कष्ट त्या वहीत होते, शेवटी म्हणाली, ‘‘पहिलं पान काकांचं आहे. ते आपण कसं विकायचं?’’ मी वही द्यायची ठरवली. फुकट नाही : मध्यस्थ कंपनीला लिहिलं की केटीच्या तक्त्याबाहेरचे दोन आठवडे लागतील आणि त्याचे तास वेगळे लागतील. त्यांनी नकार दिला. मी थेट ओहायोच्या मॅनेजरला लिहिलं, नोव्हेंबरच्या अटीची हकीकत उदाहरणादाखल दिली. त्यांनी एका आठवड्याचे पैसे मंजूर केले. मध्यस्थ कंपनी त्यावरून नाराज झाली, आणि आमचं शेवटचं बिल नेहमीपेक्षाही उशिरा मिळालं. त्याची झळ धाकट्यालाच जास्त बसली. लग्नासाठी त्याला उसने पैसे काढावे लागले, आणि ते त्यानं मला नंतर सांगितलं. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. पण त्याची किंमत ज्यानं दिली त्याला मी आधी विचारायला हवं होतं की बिल अडकलं तर तुझं भागेल का. नाही विचारलं.

नव्या दोन प्रोग्रामरांपैकी एक मुलगी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. एआयच्या साधनाला तिनं आमच्यासमोरच रात्रीचा जॉब दाखवला. त्यानं नोव्हेंबरची अट काय करते ते अचूक सांगितलं, घड्याळ मागं जाण्याचा अंदाजही बांधला. हे मी प्रांजळपणे नोंदवतो, आम्हाला जे जमलं नव्हतं ते त्याला जमलं. पण त्याच जॉबमध्ये एका काउंटीचा कर वरच्या आकड्याला न जाता खालच्या आकड्याला पूर्णांक केला आहे. त्याला ती चूक वाटली आणि त्यानं दुरुस्ती सुचवली. आमच्या वहीत त्याचं कारण होतं : त्या काउंटीशी त्यांच्या ग्राहकाचा जुना वाद, आणि वाद मिटवताना झालेला लेखी समझोता. तो समझोता कोडमध्ये कुठून दिसणार? त्या मुलीनं दुरुस्ती मागं घेतली आणि वहीतली ती नोंद शेरा म्हणून कोडमध्ये टाकली. मग उरलेला आठवडा आम्ही तेच केलं, एक-एक नोंद कोडमध्ये तिच्या जागी नेऊन ठेवली. साडेचार वर्षांत सर्वांत उपयोगी पडलेला आठवडा तोच.

आज टीममधले दोघं पुण्यात आहेत, धाकटा धरून. एकाला काम मिळालेलं नाही, तो घरची आंब्याची बाग बघतो आणि रात्री क्लाउडची परीक्षा देण्याचा अभ्यास करतो. गुहागरची मुलगी आणि मी त्याच पहिल्या मजल्यावर आहोत. एका युरोपीय कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर आम्ही घेतलंय, मध्यस्थाविना. दर तासाचा नाही, महिन्याचा. करारात दोन गोष्टी लिहून घेतल्या : आठवड्यातला एक दिवस कारणांच्या नोंदींचा, त्याचे पैसे धरलेले, आणि काम परत जाईल तेव्हा केटीचे सहा आठवडे, वेगळ्या बिलाचे. दुसऱ्या कलमावर ते जरा अडखळले होते. काम सुरू होण्याआधीच ते जाण्याची बोलणी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना चिपळूणचं सगळं सांगितलं.

२ नोव्हेंबर २०२५ ला पहिला रविवार आला. त्या सॉफ्टवेअरमधला आमचा प्रवेश महिन्यापूर्वीच बंद झालेला होता, बघायला काही नव्हतं. रात्री ओहायोच्या त्या मुलीचा मेल आला. बिलं एकदाच निघाली, सोबत लॉगचा फोटो. खाली एक प्रश्न होता, डिसेंबरच्या एका अटीबद्दल, जी वहीत नव्हती. मला ती आठवत होती. उत्तर लिहायला चाळीस मिनिटं लागली. त्याचं बिल लावलं नाही, आणि ती नोंद वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली.